क्रेटमधले खालचे पीस

परवा एका भुताच्या सिनेमाला गेलो होतो. पडद्यावर जुन्या बंगल्याचं दार कर्र-कर्र करत आपोआप उघडलं, सगळं थेटर किंचाळलं आणि त्या किंचाळ्या विरल्यावर जी शांतता पसरली, तिच्यात माझा आवाज स्वच्छ ऐकू आला, "बिजागरीला ग्रीस नाही."

पुढच्या रांगेतल्या दोन मुली वळल्या. भुताकडे बघून आली नव्हती एवढी काळजी माझ्याकडे बघून त्यांच्या चेहऱ्यावर आली. बायकोनं माझ्या बरगडीत कोपर घातलं आणि दातांतल्या दातांत विचारलं, "आले का नाना अंगात?"

आले होते. तसे नाना धडधाकट आहेत. निवृत्त होऊन देवळ्याकडे आपल्या मळ्यात राहतात आणि कांद्याच्या चाळीकडे संशयानं बघत बसतात. पण थेटरातले दिवे मालवले, की ते माझ्या अंगात येतात. त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही. लिहिलं, तर हे कुणी छापलं, का छापलं, छापणाऱ्याचा यात काय फायदा, असे फोन येत राहतील. अख्खी कंपनी त्यांना नाना म्हणायची, तेवढं पुरे.

कंपनी म्हणजे नाशिकच्या अंबडचा एक कारखाना. आम्ही गाड्यांना लागणारे लोखंडी सुटे भाग बनवायचो. त्यातले बरेच भाग बाहेरच्या छोट्या वर्कशॉपवाल्यांकडून करून घेतलेले असायचे. तो माल मोजून आत घ्यायचा की परत पाठवायचा, हे ठरवणाऱ्या इन्स्पेक्शन खात्याचे नाना प्रमुख, आणि मी त्यांच्या हाताखाली. माल प्लास्टिकच्या क्रेटमधून यायचा. पहिल्याच दिवशी मी वरचे दोन पीस उचलले, ऐटीत मोजले आणि "ओके" म्हणालो. नानांनी शर्टाची बाही दुमडली, कोपरापर्यंत हात क्रेटमध्ये घातला आणि तळातला एक पीस काढून माझ्या तळहातावर ठेवला. आंधळ्यालाही कळलं असतं इतका तो वाकडा होता.

"वरचे पीस दाखवायला असतात," नाना म्हणाले. "खालचे खपवायला."

त्यांची दुसरी शिकवण अशी, की माल घेऊन येणारा माणूस हसला तर तो लॉट दोनदा मोजायचा. त्यामुळे आमच्या गेटवर येणारे वर्कशॉपवाले घरी मयत झाल्यासारखे चेहरे करून यायचे.

आमच्या कंपनीला सुट्टी शुक्रवारी असायची आणि नवा सिनेमाही शुक्रवारीच लागतो. हा योगायोग आहे, हे नानांनी कधी मान्य केलं नाही. पण दर शुक्रवारी ते सिनेमाला जायचे. हिंदी, मराठी, दक्षिणेकडून डब होऊन आलेला, मारामारीचा, प्रेमाचा, देवाधर्माचा, त्यांना काहीही चालायचं. आवड म्हणून जातात असं मात्र कुणाला वाटू नये. त्यांच्या मते सिनेमावाले लोकांना काहीतरी खपवत असतात, आणि ते कुणीतरी तपासायला हवं.

ट्रेलर ते कधीच बघायचे नाहीत. ट्रेलर म्हणजे क्रेटमधले वरचे पीस. "त्यांनी निवडून दिलेलं सॅम्पल मी का मोजू?" सिनेमाआधी पुढच्या सिनेमांचे ट्रेलर सुरू झाले, की नाना डोळे मिटायचे आणि कानांत बोटं घालायचे. शेजारच्याला वाटायचं, माणूस मनात स्तोत्र म्हणतोय. मी एकदा गंमत म्हणून ट्रेलर संपल्याचं त्यांना सांगितलंच नाही. सिनेमा सुरू झाला तरी ते तसेच बसून राहिले. त्यानंतर कित्येक महिने माझ्या प्रत्येक सहीखाली ते आपली सही करत राहिले. माझी गंमत मला अशीच महाग पडते.

सिनेमा सुरू झाला की नाना पडद्याच्या मध्यभागी बघत नसत. "हिरोकडं बघायला एवढं पब्लिक आलंय. मला कडेचं बघू दे," म्हणायचे. एका ऐतिहासिक सिनेमात राजा धारातीर्थी पडला, लोक मुसमुसत होते, आणि नाना माझ्या कानाशी लागले, "मागच्या रांगेतला भालेवाला बघ. राजा पडला आणि हा जांभई देतोय. फितूर हाच." सिनेमात फितूर दुसराच निघाला. त्यावर नाना म्हणाले, खरा फितूर सुटला आणि भलत्याला फासावर दिलं.

खुनाच्या सिनेमात तर विचारायलाच नको. एका सिनेमात शेवटी खुन्यानं पोलिसांसमोर ढसाढसा रडून सगळं कबूल केलं. मी विजयानं नानांकडे पाहिलं, कारण त्यांचा संशय कुत्र्याला फिरवणाऱ्या म्हाताऱ्यावर होता. नाना शांतपणे म्हणाले, "कबूल केलं म्हणून त्यानंच केला असं होत नाय. मारून वदवलं असेल. ती मारहाण त्यांनी दाखवली नाय, एवढंच."

परदेशात घडणारे प्रेमाचे सिनेमे त्यांना बसायला बरे वाटायचे, पण एक प्रश्न त्यांना छळायचा. हा पोरगा नोकरी करतो म्हणतात, मग कामावर जातो कधी? बागेत आहे, बर्फात आहे, विमानतळावर पळतोय, आणि याचं हजेरीचं कार्ड कोण पंच करतंय? डब केलेल्या मारामारीच्या सिनेमात एका ठोशात माणूस छपरावर गेला, की नाना त्याच्या पोटाकडे बघायचे. शर्टाखाली दोराचा पट्टा दिसतोच, असं त्यांचं ठाम मत. नातीबरोबर कार्टूनचा सिनेमा बघून आले, तेव्हा फारच अस्वस्थ होते. "एक चूक सापडली नाय," म्हणाले. "एवढा स्वच्छ माल आजपर्यंत आलेला नाय. काहीतरी गडबड हे."

पण त्यांची सगळ्यात जुनी तक्रार रडण्याबद्दल होती. सिनेमात रडताना कुणाचं नाक वाहत नाही. डोळ्यांतून मोत्यासारखे थेंब येतात, गालावरून शिस्तीत ओघळतात, आणि नाक कोरडं. "माझी बहीण सासरी गेली तेव्हा मी रडलो," नाना सांगायचे, "तर दोन्ही बाह्या भरल्या होत्या. नाकाशिवाय रडणं खोटं शे." नाना बागलाणाकडचे. चारचौघांत नेहमीचं मराठी बोलायचे, पण मनातलं एकदम बाहेर आलं, की घरच्या अहिराणीतलं 'शे' त्यांच्या तोंडी यायचं.

आणखी एक त्यांची पक्की समजूत होती. मुंबईला सिनेमाची वेगळी प्रिंट जाते आणि नाशिकला वेगळी. चांगले सीन मुंबईला, उरलंसुरलं आपल्याला. याला पुरावा काय, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, द्राक्षं बघ ना. चांगली परदेशात, मग मुंबईत, आणि नाशिककराच्या ताटात काय? यावर मी बरीच वर्षं हसत आलो होतो.

एकदा एका मल्टिप्लेक्सच्या दारात सुरक्षारक्षकानं त्यांच्या खिशातली स्टीलची फूटपट्टी काढून घेतली. आत नेता येणार नाही म्हणाला. नानांनी त्याला विचारलं, आत असं काय आहे की तुम्हाला मोजपट्टीची भीती वाटते? नानांनी पट्टी त्याच्या ताब्यात दिली, पण इंटरव्हलला बाहेर येऊन ती तीच आहे ना, हे दोन्ही बाजूंनी बघून गेले.

शनिवारी दहाच्या चहाला नाना निकाल द्यायचे. मशीन शॉपमधली पोरं ग्लास घेऊन त्यांच्याभोवती उभी राहायची आणि नाना बशीत चहा ओतून तीनपैकी एक शब्द उच्चारायचे, पास, रिवर्क किंवा रिजेक्ट, आणि मग त्याची कारणं सांगायचे. रिवर्क म्हणजे इंटरव्हलनंतर जाऊन बसा. बायकामुलांना घेऊन सिनेमाला जाणं हा आमच्यासारख्यांसाठी एक खर्चिक बेतच असतो, त्यामुळे लोक नानांच्या शब्दावर जायचे आणि नानांच्या शब्दावर घरी बसायचे. नाना तो शब्द जपून वापरायचे. म्हणायचे, इन्स्पेक्टरचे गुन्हे दोनच. एक, खराब माल आत सोडणं. दुसरा, चांगला माल परत पाठवणं. पहिल्यात कंपनी बुडते, दुसऱ्यात माल बनवणारा. दुसरा जास्त वाईट, कारण त्याची तक्रार करायला कुणी येत नाही.

आता माझा मूर्खपणा सांगतो.

बायकोचा एक मावसभाऊ सिनेमावाल्यांना शूटिंगच्या जागा शोधून देतो. पेठच्या घाटात एका मराठी सिनेमाचं शूटिंग चालू होतं, ते बघायला मी सुट्टीच्या दिवशी गेलो. सीन असा होता, की शहरातून परतलेली नायिका एसटीतून गावाच्या फाट्यावर उतरते. कंडक्टरचं काम करायला आणलेल्या नटाला घाटाच्या वळणांनी गाडी लागली. तो एका दगडावर डोकं धरून बसला. दिग्दर्शकानं आजूबाजूला नजर फिरवली. खाकी कपडे ज्याच्या पोटावर बसतील असा माणूस त्याला हवा होता. तो मी निघालो.

मला एक वाक्य होतं, "ताई, गाडी इथून पुढं जात नाही." ते म्हणायचं आणि दोरी ओढून घंटी वाजवायची. पहिल्या टेकला दोरी माझ्या हातात तुटून आली. नंतर वाक्य विसरलो. नंतर वाक्य आठवलं, पण ती उतरून गेल्यावर. शेवटी जमलं. दिग्दर्शक म्हणाला, "घंटी छान वाजवता हो तुम्ही." ही माझ्या अभिनयाला मिळालेली दाद आहे असं मी धरून चाललो.

पुढे सिनेमा लागेपर्यंत मी कंपनीत जे काही बोललो, ते इथं लिहिणार नाही. सीएनसी मशीनवरच्या सुभाषनं मला हिरो म्हणायला सुरुवात केली, एवढ्यावरून अंदाज यावा. मी समोर दिसलो की तो हात पुढे करायचा, "मास्तर, एक फुल, एक हाफ, अंबड." मी रागावल्यासारखं करायचो आणि मनातून सुखावायचो. त्याला मी वाक्य म्हणूनही दाखवलं. दिग्दर्शकानं मला बाजूला घेऊन काय सांगितलं, तेही थोडं वाढवून सांगितलं.

सिनेमा लागायची तारीख जवळ आली, तसा मला घाम फुटायला लागला. नाना शुक्रवारी बघणार आणि शनिवारी सगळ्यांसमोर बोलणार. त्यांनी "कंडक्टर रिजेक्ट" म्हटलं, की मी निवृत्त होईपर्यंत रिजेक्ट कंडक्टर. तो शिक्का त्या कंपनीत कशानंही पुसला गेला नसता. शिवाय आत कुठंतरी वेगळीच खोच होती. माझं कुठलंही काम नानांनी एका नजरेत, कुरकुर न करता पास केल्याचं मला आठवत नव्हतं. एकदा तरी व्हावं, असं वाटत होतं.

म्हणून मी वर्कशॉपवाले करतात तेच केलं, तपासणाऱ्याला आधी खूश करायला गेलो. बुधवारी नानांना सुचवलं, "नाना, सिनेमा कॉलेज रोडला बघा. खुर्च्या मागं होतात, एसी गार आहे, पडदा मोठा."

नानांनी हातातला पीस खाली ठेवला. "मला तिथंच का पाठवतोस?"

"तुम्हाला आराम म्हणून."

"हसतोस कशाला?"

"हसलो नाही."

"दात दिसले," नाना म्हणाले. "मी नाशिकरोडला बघीन."

मी स्वतः मात्र शुक्रवारी सिनेमा बघितला नाही. त्या दिवशी येवल्याला मेहुणीचा साखरपुडा होता. तिथं मांडवात नवरदेवापेक्षा जास्त भाव मी खाल्ला. सगळ्यांनी मिळून रविवारी नाशिकला येऊन सिनेमा बघायचा, असं सासूबाईंनी जाहीर केलं. मी मान तिरकी करून हो म्हणालो. आपला सिनेमा आपल्या माणसांत बसून बघावा, असं काहीतरी बोललोही.

शनिवारी दहाच्या चहाला मी मुद्दाम उशिरा गेलो. सुभाषनं मला हाताला धरून पुढं उभं केलं. नाना बशीत चहा ओतत होते. नेहमीपेक्षा सावकाश ओतत होते, हे मला नंतर आठवलं.

"सिनेमा रिजेक्ट आहे," नाना म्हणाले. "कुणी जाऊ नका."

सुभाष काही माझी पाठ सोडणार नव्हता. त्यानं विचारलं, "आणि आमचा हिरो?"

नानांनी बशी तोंडाला लावली, खाली ठेवली, मिशा पुसल्या. माझ्याकडे बघितलं नाही. "याचं काम ओके आहे. घंटी एकदम टायमात वाजवली."

चहाची वेळ संपल्याचा भोंगा झाला आणि सगळे पांगले. सुभाषनं जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारली. बाकीच्यांच्या नजरेतही फरक पडला होता. मी दिवसभर जमिनीपासून वीतभर वर चालत होतो. नाना मनातल्या 'शे'ऐवजी "आहे" म्हणाले, अगदी पुस्तकातल्यासारखं, आणि निकाल देताना एकही कारण सांगितलं नाही, या दोन गोष्टी कुणाच्याही कानाला खटकायला हव्या होत्या. मला खटकल्या नाहीत. स्तुती ऐकताना माणसाचं मोजायचं गेज सैल होतं.

रविवारी पहिली पाळी संपवून घरी आलो, तर येवल्याहून मंडळी आली होती. सासूबाई पैठणी नेसून आल्या होत्या. सिनेमाला पैठणी कशाला, असं बायको म्हणाली, तर त्या म्हणाल्या, जावई पडद्यावर येणार, साध्या साडीत कसं बघायचं? थेटरात मी मध्ये बसलो, आजूबाजूला सासर.

सिनेमा सुरू झाला आणि थोड्या वेळानं घाट आला. माझा घाट. एसटी वळण घेऊन फाट्यावर थांबली, धूळ उडाली. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. टिंग-टिंग असा आवाज झाला, आणि पुढच्या क्षणी नायिका डोक्यावर पदर घेऊन शेताच्या वाटेनं चालायला लागली होती. कंडक्टर नव्हता. गाडीचं दारसुद्धा नव्हतं.

"जावईबापू," सासूबाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही कुठं होता?"

"आता येईन," मी म्हणालो. नायिका परत जाताना गाडी येईल अशी मला आशा होती. ती परत गेलीच नाही. इंटरव्हलला सासऱ्यांनी एवढंच विचारलं, की हा सिनेमा तोच ना? तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं, ते ऐकून मलाच माझी शरम वाटली. मी म्हणालो, "मुंबईला वेगळी प्रिंट जाते. नाशिकला वेगळी पाठवतात."

बायकोनं पॉपकॉर्नच्या पुड्यात तोंड घातलं. तिचे खांदे हलत होते.

पण गंमत अशी, की इंटरव्हलनंतर मी स्वतःला विसरलो. सिनेमा चांगला होता. नायिकेला आईच्या जाण्याची बातमी उशिरा कळते, ती घराच्या ओट्यावर बसून रडते, तो सीन आला. ती रडायला लागली आणि तिचं नाक वाहायला लागलं. तिनं ते पदराला पुसलं, परत वाहिलं, परत पुसलं. शेजारी सासूबाई पैठणीचा पदर जपत रुमालात रडत होत्या. क्षणभर मला वाटलं, माझ्यासाठीच रडतायत.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्या माणसानं आयुष्यभर नाक वाहण्याची वाट बघितली, त्यानं हे बघून सिनेमा रिजेक्ट केला? मी तर पडद्यावर नव्हतोच, मग माझं काम ओके कसं? नानांनी माझी थट्टा केली होती. सगळ्या कंपनीला खरं काय ते सांगून ठेवलं असणार, आणि मी शनिवारभर वीतभर वर चालत असताना सगळे मागे हसत असणार. घरी जाईपर्यंत हा संशय इतका वाढला, की दूधवाल्यालाही ते माहीत असेल असं मला वाटायला लागलं.

सोमवारी सकाळी मी इन्स्पेक्शनच्या खोलीचं दार लोटलं. नाना टेबलावर वाकून एक पीस मोजत होते.

"नाना, मी सिनेमात नाही."

"माहितीय."

"मग काम ओके कसं म्हणालात?"

"घंटी ऐकली ना. दोनदा वाजली, दुसरी जरा जोरात. एवढा एकच पार्ट आला, तो मोजला. ओके होता." त्यांनी पीस उलटा केला. "बाकीचा तू आलाच नाय."

"आणि सिनेमा? त्या बाईचं नाक वाहत होतं, नाना."

नानांनी पीस पुन्हा सरळ केला. मग म्हणाले, "आधी डाव्या नाकपुडीतून. मग उजव्या. बरोबर रडली ती. मीपण..." आणि थांबले.

"मग रिजेक्ट का केलात?"

आता मात्र त्यांनी माझ्याकडे बघितलं, गेजला गंज चढला की बघायचे तसं. "पास म्हटलं असतं, तर सगळी कंपनी बघायला गेली असती. बायकापोरांना घेऊन. आणि अंधारात तुला शोधत बसली असती. सुभाषनं तुझं काय केलं असतं?"

नानांनी चष्मा काढला आणि हात पुसायच्या कापसानं उगाचच पुसत बसले. नोकरीत पहिल्यांदा चांगला लॉट परत पाठवला, म्हणाले. शनिवारपासून तो डोक्यातून जात नाही. गुरुवारी सिनेमा उतरवतील, मराठी सिनेमाला कोण जास्त दिवस ठेवतं? त्या पोरीनं नाक वाहू दिलं, आणि आपण तिचं क्रेट गेटवरून परत पाठवलं.

मग एकदम खुर्ची सरकवून उठले. "एक तरी गोष्ट मोजून करू. उरलेला पार्ट दाखव."

"कुठला?"

"कंडक्टर. मी उतरतो, तू बोल."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण नानांनी डब्याची पिशवी काखेला लावली, खांद्यावरचा पंचा डोक्यावरून घेतला आणि टेबलाची कड गाडीच्या दांडीसारखी धरून उतरायच्या पवित्र्यात उभे राहिले. साठीला आलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस, आणि चेहऱ्यावर माहेरी आलेल्या पोरीची काळजी. मी हसलो नाही. मी एका हातानं कपाट धरलं आणि म्हणालो, "ताई, गाडी इथून पुढं जात नाही." मग हवेतली दोरी ओढली.

"परत."

परत म्हणालो. नाना तसेच उभे राहून ऐकत होते.

"कंडक्टर असा धरून उभा राहत नाय," ते म्हणाले. "तो सीटला टेकतो. हात तिकिटाला लागतात. आणि ताई म्हणताना तू माझ्याकडं बघत नाय, कॅमेऱ्याकडं बघतोस. इथं कॅमेरा नाय तरी बघतोस." त्यांनी पंचा डोक्यावरून काढला आणि त्याची घडी केली. "रिजेक्ट शे."

का कोण जाणे, मला एकदम मोकळं वाटलं. शनिवारच्या ओकेनं वाटलं होतं, त्याहून बरं वाटलं. दिग्दर्शकानं मला का कापलं, हेही कळलं. तोही तळापर्यंत हात घालणारा माणूस असावा.

दहाचा चहा आला. नाना नेहमीच्या जागी बशी घेऊन उभे होते. सुभाषनं मला बघून हात पुढं केला, "मास्तर, एक फुल." मी त्याला थांबवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की मी सिनेमात नाही. मला कापलंय. फक्त घंटी ठेवलीय. नानांनी सिनेमा रिजेक्ट केला तो माझी लाज राखायला. सिनेमा पास आहे. गुरुवारच्या आत बघून घ्या, घरच्यांना घेऊन जा आणि रुमाल न्या.

मग सुभाष म्हणाला, "म्हणजे आमचा हिरो नुसती टिंग-टिंग?" आणि जे हसू फुटलं, ते बराच वेळ थांबेना. मी आपला उभा होतो. चेहऱ्यावर हसू येणार नाही, याची पूर्ण काळजी घेत होतो. हसणं विरल्यावर सगळ्यांच्या माना हळूहळू नानांकडे वळल्या. ते काय म्हणतात, यावर सिनेमाचं आणि माझं, दोघांचंही ठरणार होतं.

नानांनी बशीतल्या चहावर फुंकर मारली. गेटवर एखादं नवंकोरं, चकचकीत क्रेट आलं, की ते ज्या नजरेनं त्याच्याकडे बघायचे, त्या नजरेनं त्यांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"सिनेमा बघून घ्या," ते सुभाषला म्हणाले. "पण हे पोरगं आज एवढं सरळ बोलतंय, याचे खालचे पीस काढून बघा."